पॉवरपॉइंटमध्ये 'मुक्त' फॉन्टची सातही वजने का दिसत नाहीत?

देवगडच्या आंबा बागायतदारांच्या बैठकीसाठी आपण सादरीकरण तयार करत आहात, 'मुक्त' (Mukta) या देवनागरी फॉन्टच्या सातही वजनांच्या, म्हणजे अक्षरांच्या जाडीच्या प्रकारांच्या, फायली विंडोजवर बसवल्या आहेत, इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये त्या एकाच नावाखाली सात दिसतात, पण पॉवरपॉइंटमध्ये 'मुक्त' निवडल्यावर साधा आणि ठळक एवढेच दोन प्रकार मिळतात, असा आपला प्रश्न आहे. कुडाळला मी छपाईचे आणि डीटीपीचे काम करतो आणि ही तक्रार घेऊन येणारे लोक मला वरचेवर भेटतात. बहुतेक वेळा फॉन्ट हरवलेला नसतो, तो यादीत वेगळ्या नावाने बसलेला असतो.

याचे मूळ विंडोजच्या जुन्या पद्धतीत आहे. त्या पद्धतीनुसार एका फॉन्ट कुटुंबात चारच सदस्य मावतात : साधा, तिरका, ठळक आणि ठळक-तिरका. म्हणून चारपेक्षा मोठ्या कुटुंबाच्या फॉन्ट फायलींत सहसा नावांच्या दोन जोड्या लिहिलेल्या असतात. फायलीच्या आतल्या नावांच्या तक्त्यातील क्रमांक १ आणि २ ही जोडी या चौघांच्या हिशेबाने असते, तर क्रमांक १६ आणि १७ या जोडीत संपूर्ण कुटुंबाचे खरे नाव आणि वजन असते. इनडिझाइन दुसरी जोडी वाचते, विंडोजवरील पॉवरपॉइंट पहिली. त्यामुळे 'मुक्त' या नावाखाली रेग्युलर (साधा) आणि बोल्ड (ठळक) राहतात, आणि एक्स्ट्रालाइट, लाइट, मीडियम, सेमीबोल्ड व एक्स्ट्राबोल्ड यांची 'मुक्त मीडियम' अशा धर्तीवर पाच स्वतंत्र नावे होतात. सात फायलींच्या सहा नोंदी दिसल्या तर सर्व काही जागेवर आहे असे समजावे. यादी वर्णानुक्रमे असल्याने त्या शेजारीच सापडतील. मात्र तेथेच असणारे 'मुक्त माही', 'मुक्त मलर' आणि 'मुक्त वाणी' हे अनुक्रमे गुरुमुखी, तमिळ व गुजरातीसाठी आहेत, त्यांपैकी एखादा निवडल्यास मराठी मजकूर विंडोजच्या निर्मलासारख्या दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसेल.

सहापेक्षा कमी नोंदी असतील तर प्रथम पॉवरपॉइंट पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे. त्यानेही फरक पडला नाही, तर झिप फाइल आधी उलगडावी, सर्व फायली निवडून उजवी कळ दाबावी आणि 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय घेऊन त्या पुन्हा बसवाव्यात. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपासून नुसते 'इन्स्टॉल' म्हटल्यास फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जातो आणि काही प्रोग्रॅमना तो तेथे दिसत नाही. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट घेतल्यास झिपमध्ये सर्व वजने पोटात घेतलेली एक 'व्हेरिएबल' फाइल आणि 'स्टॅटिक' नावाचे फोल्डर, असे दोन्ही असते. पॉवरपॉइंटसाठी स्टॅटिकमधील फायलीच बसवाव्यात, कारण व्हेरिएबल फाइल तेथे भरवशाने चालत नाही.

यापुढची सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'मुक्त'ला ठळक करण्यासाठी 'बी' बटण दाबल्यास खरा बोल्ड मिळतो, परंतु 'मुक्त मीडियम'च्या घरात ठळक भाऊच नसल्यामुळे तेथे तेच बटण अक्षरे यंत्राने फुगवते. रोमन अक्षरांत हे एक वेळ खपते. देवनागरीत जोडाक्षरांतील पोकळ्या बुजतात, आणि पडद्यावर मागच्या रांगेतल्या माणसाला 'क्ष' की 'ध्य' हे कळत नाही. अधिक जाड अक्षर हवे असेल तर यादीतून सेमीबोल्ड किंवा एक्स्ट्राबोल्ड घ्यावा. 'मुक्त'मध्ये तिरका प्रकार मुळातच नाही, त्यामुळे 'आय' बटण टाळलेलेच बरे. स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सर्व स्लाइडच्या मूळ आराखड्यात, शीर्षकासाठी सेमीबोल्ड आणि मजकुरासाठी साधा 'मुक्त' एकदाच ठरवून ठेवला की प्रत्येक स्लाइडवर हा खटाटोप करावा लागत नाही.

सभागृहातील संगणकावर हा फॉन्ट नसेल, हे गृहीत धरूनच चालावे. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' येथे फॉन्ट फायलीत समाविष्ट करण्याची खूण करावी. 'मुक्त'चा परवाना खुला असल्याने त्याला आडकाठी नाही. तेथे कोणी मजकूर बदलणार असेल तर केवळ वापरलेली अक्षरे न घेता सर्व अक्षरे समाविष्ट करावीत, फाइल थोडी मोठी झाली तरी चालेल. सोबत पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवावी; तिच्यात हालचाली राहत नाहीत, पण अक्षरे जशीच्या तशी राहतात.