तिसऱ्या राउंडला हात खाली का आले?

प्रिय बेटा,

लढतीचा निकाल विरोधात गेल्यावर परवा फोनवर तू तीनदा म्हणालास, "सर, मला लुटलं." तेव्हा तू रडत होतास, म्हणून गप्प बसलो. आज लिहितो.

तुझ्या एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या) लढतीचा व्हिडिओ चार वेळा पाहिला, त्यातलं दोनदा आवाज बंद करून. आपलीच पोरं ओरडत असली की साधा ठोसाही मोठा वाटतो. पहिला राउंड तुझा, दुसरा त्याचा, तिसरा कोणालाही देता आला असता. तीन पंचांपैकी एकाने २९-२८ गुण तुझ्या बाजूने दिले, दोघांनी त्याच्या. तू सारखा पुढे चालत होतास हे खरं. पण मार आणि पकड यांचा परिणाम सारखा ठरला, तरच पुढे चालण्याचा विचार होतो. दोनदा त्याला खाली पाडलंस आणि वर नुसता बसून राहिलास. त्याला फारसं मोल नाही. शिवाय पंच वेगवेगळ्या बाजूंना बसतात. पिंजऱ्याच्या जाळीपाशी एकाला तुझा गुडघा लागलेला दिसतो, दुसऱ्याला तुझी पाठ.

तक्रार लेखी दे, मी सोबत येतो. पण पंचांशी हुज्जत घालू नको. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकालावर चिडून एका मल्लाने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली.

मला खरं बोलायचंय ते तुझ्या हातांबद्दल. तिसऱ्या राउंडला ते छातीपर्यंत खाली आले होते. कारण तू सांगितलं नाहीस, तुझ्या आईनं सांगितलं. ६८ किलोचा तू, ६१.२ च्या वजनगटात बसायला पाच दिवसांत तिथवर खाली आलास. शरीराचा दहावा हिस्सा! तोही मे महिन्यात, प्लास्टिकचा सूट घालून फुटाळा तलावावर पळून. नागपूरच्या त्या उन्हात माणसं डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोपऱ्यावर जात नाहीत, बेटा.

पाच दिवसांत चरबी जात नाही, पाणी जातं. काटा, म्हणजे लढतीआधीचं वजन झाल्यावर दिवसभर पाणी प्यायलास तरी सगळं भरून येत नाही, आणि तशा सुकलेल्या अंगाने तू डोक्यावर मार खाल्लास. २०१५ च्या डिसेंबरात यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा चिनी लढवय्या मनिलात लढतीआधी वजन तोडताना, म्हणजे झटपट उतरवताना, कोसळला आणि गेला. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिपने पाणी तोडून वजन उतरवणं बंद केलं. तिथे मग लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे का ते पाहू लागले. मीही तुझ्या वयात हेच केलं, निकाल विरोधात गेला आणि कितीतरी वर्षं पंचांना शिव्या देत राहिलो. माझे पाय दुसऱ्याच राउंडला संपले होते, हे कोणाजवळ कबूल केलं नाही.

तुझा मित्र सलाइन लाव म्हणतो, ते ऐकू नको. लघवीची गोळी तर हातातही धरू नको. दोन्ही डोपिंगच्या नियमात अडकतात.

पुढची लढत ६५.८ किलोच्या गटात घे. दोन किलो दोनशे ग्रॅम आठ आठवड्यांत जेवणातूनच उतरतील. शनिवारचा सावजी रस्सा तेवढा थांबव. त्यातलं मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा वर दिसतो, मग तू घाबरून पाणी तोडतोस.

रविवारी सहाला मानकापूरला ये. लघवी करून, उपाशी, पण पाणी पिऊन. काटा मी आणतो.

तुझा,
सर