अॅनालॉग क्लॉकला जोडलं की सिक्वेन्सर 120 ऐवजी 20 नं का चालतो?

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. मॉड्युलर सिंथेसायझरचं क्लॉक (ताल धरायला ठरावीक अंतरानं विजेचे पल्स पाठवणारं मॉड्यूल) 120 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांवर, आणि तुमचा सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांचा पॅटर्न ओळीनं वाजवणारा बीटस्टेप प्रो, रांगतोय 20 वर. भागून बघा, सहा येतात. बीटस्टेप एका ठोक्याला 24 पल्सची वाट बघतोय, तुमचं मॉड्यूल देतंय चार. बिघडलेलं काही नाही. कॉम्प्युटरवर बीटस्टेपचं सेटिंगचं सॉफ्टवेअर, मिडी कंट्रोल सेंटर, उघडून क्लॉकचा दर ‘एका स्टेपला एक पल्स’ करा, झालं. स्टेप म्हणजे पॅटर्नमधलं एक घर, ठोक्याला अशी चार.

मिडीत, म्हणजे वाद्यांच्या आपसातल्या डिजिटल भाषेत, हा घोळ नसतो, तिथं ठोक्याला 24 हे ठरलेलं. अॅनालॉगमध्ये ज्याचं त्याचं गणित. कॉर्ग कंपनीची व्होल्का नावाची छोटी वाद्यं ठोक्याला दोनच पल्स घेतात (दोन स्टेपला एक), त्यामुळे उद्या याच क्लॉकवर व्होल्का लावलात तर तो दुप्पट पळेल. मधे दोननं भागणारा क्लॉक डिव्हायडर टाका.

तुमची दुसरी तक्रार मला जास्त जवळची: साध्या बटणानं पल्स दिला की दोन-तीन स्टेप एकदम उडतात. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामाचे टॉवेलचे माग आहेत. तिथल्या एका मागाच्या तालावर व्होल्का बीट्स हे ड्रम मशीन चालवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. क्रँकशाफ्टच्या चाकाला चुंबक चिकटवलं, शेजारी सांगाड्यावर रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) बसवला. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणाला, “ह्ये काय, मागाला दृष्ट लागू नये म्हणून का?” एक फेरी म्हणजे धोट्याची एक खेप. मिनिटाला साधारण 120 फेऱ्या, दोन पल्सला एक ठोका, म्हणजे 60 बीपीएम यायला हवे होते. व्होल्का मात्र चणे फुटाणे भाजल्यासारखा तडतडत सुटला.

कारण स्विचची पाती एकदा चिकटत नाही. ती मिलिसेकंदभर थरथरते, आणि सिक्वेन्सर प्रत्येक थरथर पल्स म्हणून मोजतो. उपाय पंधरा-वीस रुपयांचा: 5 व्होल्टपासून 10 किलोओहमचा रेझिस्टर, तिथून स्विच ग्राउंडला, स्विचला समांतर 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्विचच्या पायात 100 ओहम घाला, नाहीतर कपॅसिटरच्या झटक्यानं पाती चिकटून बसते. पुढं 40106 या चिपचं एक गेट. कपॅसिटर भरायला सुमारे 10 मिलिसेकंद घेतो, तेवढ्यात थरथर संपते, आणि 40106 कडा स्वच्छ करून देतं. तुमच्या बटणालाही हेच चालेल.

एवढं करूनही माग पट्ट्यावर जरा घसरला की मधली स्टेप लंगडायची. व्होल्काला दोन स्टेपमागं एकच पल्स मिळतो. मधली कुठं वाजवायची हे तो मागच्या अंतरावरून ठरवतो, म्हणून वेग हलला की ती चुकते. तुमच्या एका-स्टेपला-एक-पल्समध्ये हा त्रास नाही.

राहिला ‘पहिली स्टेप कधीच जागेवर येत नाही’ हा मुद्दा. क्लॉकला मात्रा कळतात, सम कळत नाही. सोळापैकी पहिली कुठली हे त्या तारेतून जातच नाही. आधी क्लॉक थांबवा, सिक्वेन्सर सुरुवातीला आणून ठेवा, मग क्लॉक सोडा. मला यासाठी वेगळं बटण लागलंच नाही: बाणा (आडवा धागा) तुटला की माग आपसूक थांबायचा, व्होल्काही गप्प. कामगार धागा जोडेपर्यंत मी पॅटर्न पहिल्या स्टेपवर आणून बसलेला असायचो.