पहिल्यांदा श्रमदानाला येतोयस तर

अरे स्वारगेटहून वेल्ह्याची सकाळची एसटी धर, कार नको, वाडीत लावायला जागा नसते. पाऊस ओसरलाय म्हणजे वनराई बंधाराच असणार, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवायला गोण्यांचा कच्चा बांध, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडव्या रचायच्या, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही नाहीतर पाणी तिथूनच निघतं. गोणी ठासून भरू नकोस, जरा ढिली असली की नीट बसते. जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, मावशी आग्रह करतील तेव्हा डाएट वगैरे काढू नकोस प्लीज. डाळ-तांदूळ-तेल मात्र आपण न्यायचं, फुकट जेवणं मला तरी पटत नाही. आणि हो, ताट आपलं आपण घासायचं, पुण्याचे बरेच जण ते तसंच ठेवून फोटो काढत बसतात.