देवाला ‘तू’ की ‘तुम्ही’?

प्रश्न असा आला आहे: बायबलच्या आठव्या स्तोत्रात जुन्या मराठी भाषांतरात देवाला ‘तुझे नाव’ म्हटले आहे, अलीकडच्या एका भाषांतरात ‘तुमचे नाव’. ज्याने चंद्र-तारे नेमले, त्याला अरेतुरे करणे बरे दिसते का?

व्याकरणाने दोन्ही बरोबर. पण माझे मत विचाराल तर ‘तू’.

मराठीतला ‘तू’ दोन टोकांना राहतो. वयाने-मानाने लहान असेल त्याला ‘तू’, आणि इतका जवळचा असेल की मान वेगळा दाखवावा लागत नाही, त्यालाही ‘तू’. मधल्या सगळ्यांना ‘तुम्ही’: साहेब, सासरे, शेजारी, रस्ता विचारणारा अनोळखी माणूस. देवाला ‘तुम्ही’ म्हटले की तो या मधल्या रांगेत येऊन बसतो, आणि मला खटकते ते हेच. आईला ‘तू’ म्हणणारा तिला अरेतुरे करतो असे कोणी म्हणत नाही.

मूळ हिब्रूत हा पेच नाही. तिथे राजालाही तेच एकवचनी सर्वनाम आणि चाकरालाही तेच. मान दाखवायचा तर तो हाक मारण्यात दाखवतात. या स्तोत्राची सुरुवातच बघा: देवाचे नाव घेतले आणि लगेच ‘अदोनेनू’, म्हणजे ‘आमच्या प्रभू’. हा शब्द धन्याला, राजाला वापरायचा. थोरवी संबोधनात आली, मग सर्वनाम मोकळे राहिले. मराठीला ही सोय अगदी मानवते. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ घ्या: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’. यात ‘स्वर्गातील’ने जे अंतर पडते ते ‘पित्या’ म्हणताच मिटते. तिथे ‘तुमचे नाव’ घालून वाचून पाहा.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचे ‘क्रिस्तपुराण’, म्हणजे बायबलची कथा सांगणारे मराठी ओवीबद्ध काव्य, 1616 साली गोव्यात राचोलला छापले गेले, तेही रोमन लिपीत. त्याच्या पहिल्याच ओवीत ‘देवा बापा सर्वसमर्था’ अशी हाक आहे आणि दुसऱ्या ओवीत सरळ ‘तूं’. स्वर्ग-पृथ्वी रचणाऱ्याला बापा म्हणायचे आणि तूंही म्हणायचे, हे त्याला ओवीकडून आयते मिळाले असणार. विठ्ठलाला ‘अरे विठ्या’ म्हणणारी जनाबाई याच भाषेतली.

‘मग आपण म्हणावे का?’ असेही कोणी विचारील. प्रार्थनेत ‘आपण’ फार घोटाळा करतो. ‘प्रभू, आपण क्षमा करावी’ हे वाक्य घ्या. क्षमा देवाने करायची की आपण सगळ्यांनी? दोन्ही अर्थ निघतात. शिवाय ‘आपला’ हा शब्द ‘स्वतःचा’ या अर्थानेही येतो. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असे आहे, तिथे ‘आपल्या’ म्हणजे आमच्या स्वतःच्या. त्याच वाक्यात देवही ‘आपण’ झाला तर कोणी कोणाचे ऋण सोडायचे ते ऐकणाऱ्याला कळणार नाही. जाता जाता एक: ही प्रार्थना ‘आमच्या पित्या’ म्हणते, ‘आपल्या पित्या’ नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला ‘आपल्या’त धरता येत नाही, नाहीतर देव स्वतःचाच बाप ठरायचा. तोच पिता शेजारी बसलेल्या माणसाला सांगताना मात्र ‘आपला पिता’ होतो.

आता आठव्या स्तोत्रातली चौथी ओळ, कारण सर्वनामापेक्षा मला तिथले क्रियापद जास्त आवडते. आधी आकाश येते, ते देवाच्या बोटांचे काम. हाताचे म्हटले असते तरी चालले असते, पण बोटांचे म्हटले की नाजूक कलाकुसर डोळ्यांपुढे येते. एवढे पाहून कवी विचारतो: मग माणूस तो काय, की तू त्याची आठवण ठेवावीस? पुढचे क्रियापद ‘पाकद’. भेटायला येणे, विचारपूस करणे, जातीने लक्ष घालणे असे त्याचे अर्थ. आणि हेच क्रियापद शिक्षेसाठी येण्यालाही वापरतात.

यासाठी मराठीत एक चपखल शब्द पडून आहे: समाचार घेणे. आजाऱ्याच्या समाचाराला जातात, आणि चुकलेल्याचा ‘चांगलाच समाचार’ घेतात. बायबलच्या मराठीला हा शब्द परका नाही; मत्तय 25:36 मध्ये ‘आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात’ असे आहे. ‘माणूस तो काय, की तू त्याचा समाचार घ्यावास?’ हे मी भाषांतरात सुचवणार नाही, हल्लीच्या कानाला त्यात दटावणीच आधी ऐकू येईल. पण बायबलमधल्याच ईयोबाच्या पुस्तकात (7:17-18) नेमकी तीच ऐकू यायला हवी. तिथे दुःखाने पिचलेला ईयोब जवळपास हाच प्रश्न उलटा फिरवतो: माणूस तो काय, की तू रोज सकाळी त्याच्याकडे यावेस आणि क्षणोक्षणी त्याला पारखावेस? क्रियापद तेच, ‘पाकद’. स्तोत्रकर्त्याला ज्या जवळिकीचे नवल वाटले, तीच ईयोबाला नकोशी झाली आहे. थूक गिळण्यापुरती तरी सवड दे, असे तो पुढच्याच ओळीत म्हणतो.

हे भांडणही ‘तू’ म्हणूनच चालते. हिब्रूत ईयोबाला दुसरा पर्यायच नव्हता. मराठी भाषांतरकारांना होता, आणि जुन्यांनी तो घेतला नाही.