मित्रांबरोबर कमी पैशात शॉर्ट फिल्म कशी करावी, आणि त्यावर खरं मत कुणाकडून मिळवावं?

तुम्ही लिहिलंय की चौघे मित्र आहात, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले, हातात सहा-सात हजार रुपये आणि एक बरा मोबाईल आहे. आणि भीती अशी की फिल्म झाल्यावर सगळे 'भारी' म्हणतील आणि निघून जातील. भीती खरी आहे. आमच्याबाबतीत तसंच झालं.

मी बेळगावात, वडगावला राहतो. उद्यमबागेत नोकरी, रविवारी सुट्टी. तीन मित्रांना घेऊन एका मागवाल्या म्हाताऱ्यावर सात मिनिटांची फिल्म केली. घरातला शेवटचा माग तो भंगारात विकतो, एवढीच गोष्ट. पहिला कट, म्हणजे पहिल्यांदा जोडून झालेली फिल्म, अकरा मिनिटांचा होता. अकराची सात कशी झाली, हेच तुमच्या कामाचं आहे. पण आधी खर्चाचं सांगतो.

एकूण सहा हजार गेले. जेवण-चहा 2,700, पेट्रोल 1,100, कॉलरला लावायचे दोन साधे माईक 900, टोपी-धोतर वगैरे 300, आणि गिंबल, म्हणजे चालताना मोबाईल हलू न देणारा दांडा, दोन दिवस भाड्याने 1,000. गिंबलचे हजार पाण्यात. त्यावर घेतलेला एकच शॉट होता, तोही एडिटिंगमध्ये उडाला. जेवणात मात्र काटकसर करू नका. फुकट काम करणारा मित्र दुपारी दोनपर्यंत उपाशी राहिला की तिसऱ्या रविवारी त्याचा फोन लागत नाही.

कॅमेऱ्याची काळजी सोडा. कोल्हापुरात मूकपटांच्या काळात दिग्दर्शक बाबुराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः तयार केला होता, आपल्या खिशात तर तयार आहे. लेन्स रुमालाने पुसा, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि फोकस लॉक करा, फोन फ्लाइट मोडवर टाका. घरात ट्यूबलाइटखाली शूट करताना शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असते, शटर तिच्याशी जुळलं नाही तर चित्रात पट्टे फिरत राहतात. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकटची आवृत्ती पुरते, फक्त कॉम्प्युटर जरा दणकट लागतो.

खरा घोळ आवाजाचा. प्रेक्षक अंधुक चित्र सहन करतो, न कळणारं बोलणं नाही. आमच्या गल्लीत पाच घरांत विजेवरचे माग चालतात. पहिल्या दिवशीचे सगळे संवाद त्या खडखडाटात बुडाले. माग बंद करा म्हणायची सोय नाही, त्यावर लोकांची पोटं आहेत. मग आम्ही लाइट जायची वाट बघायला लागलो. लाइट गेली की गल्ली एकदम गप्प व्हायची, आणि आमचा कॅमेरावाला ओरडायचा, "चला चला, गेली!" लाइट गेल्यावर उजेड फक्त दारातून आणि कौलातल्या काचेतून. त्या उजेडात काकांचा चेहरा असा काही दिसला की ट्यूबलाइटचे शॉट आम्ही फेकूनच दिले. संवाद दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर आवाज आणि चित्र जुळवता येतं. आणि प्रत्येक जागेचा अर्धा मिनिट नुसता, कुणी न बोलता, आवाज घेऊन ठेवा. दोन वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला तोच लागतो.

काका म्हणजे मित्राचे चुलते. आयुष्य मागावर गेलं, आणि तीस वर्षं गावच्या जत्रेतल्या नाटकात काम. तुमच्या तालुक्यातही असे नट गावागणिक सापडतील. अडचण एकच, ते शेवटच्या ओळीतल्या माणसाला ऐकू जावं असं बोलतात. "जरा हळू, काका" म्हटलं की हळू आवाजात तेवढंच नाटकी. शेवटी त्यांना खरोखरचं काम दिलं. मागाच्या कांड्यांवर सूत भरत बसा आणि भरता भरता बोला. हात कामात गुंतले आणि आवाज आपोआप घरचा झाला. भाषाही घरचीच ठेवली, "काय करूलास?" तसंच. पुण्याच्या एका नातेवाइकाने प्रमाण मराठी करा म्हणून सुचवलं. बेळगावची फिल्म म्हणजे सीमाप्रश्नावरच असणार, असंही त्याला वाटलं होतं. दोन्ही सोडून दिलं.

आता मताचं. अकरा मिनिटांचा कट मित्राच्या घरी टीव्हीवर लावला. पंधरा माणसं, वर कुंदा. सगळे म्हणाले भारी. कुंदा खाऊन दुसरं काय म्हणणार?

खरं मत मिळालं ते शेजारच्या अज्जीकडून. ती कन्नड, मराठी तिला जेमतेम कळतं. सहज बसली, शेवटपर्यंत बघितलं आणि मला विचारलं, "म्हातारा कधी वारला?" आमचा म्हातारा तर शेवटच्या शॉटमध्ये कट्ट्यावर बसून चहा पितो! मग कळलं. माग विकायच्या आधी खिळ्याला टांगलेल्या टोपीचा शॉट होता, आम्हाला तो फार काव्यमय वाटलेला. तिने टोपी बघितली आणि माणूस गेला असं धरलं. पुढे बोडक्या डोक्याने चहा पिणारा तिला वेगळाच कुणी वाटला, भाऊ असेल आणि त्यानेच माग विकला असेल. मराठी येणाऱ्या पंधरा जणांना संवादांमुळे गोष्ट आधीच कळत होती, म्हणून चित्रातली चूक कुणालाच दिसली नाही.

दुरुस्ती चार सेकंदांची. काका स्वतःच टोपी काढून खिळ्याला अडकवतात. पण तोवर काकांनी जत्रेत साधूचं काम मिळालं म्हणून मिशी काढलेली! शॉट पाठीमागून घ्यावा लागला. नुसता हात, टोपी आणि खिळा. फिल्ममधला सगळ्यात बरा शॉट आज तोच आहे.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. एक, पडद्याकडे न बघता बाजूला बसून बघणाऱ्यांकडे बघायचं, कागद-पेन घेऊन. कुणी मोबाईल काढला, कुणी मांडी बदलली, त्याची वेळ लिहायची. आमच्याकडे चौथ्या मिनिटाला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन माणसांनी मोबाईल काढला. तिथे मुलाचं लांबलचक भाषण होतं. गेलं. दोन, 'कशी वाटली?' विचारायचंच नाही. 'गोष्ट सांग बघू' म्हणायचं. जिथे तो अडखळतो तिथे तुमची फिल्म अडखळते. एकाच माणसाने सांगितलं तर नोंद करा, तिघे एकाच जागी अडकले तर कात्री लावा. आणि त्यांचे उपाय ऐकून घ्या पण लगेच करू नका. पोट कुठे दुखतं ते रोग्यालाच कळतं, औषध मात्र त्याला विचारून देत नाहीत. एकाने शेवटी म्हाताऱ्याला रडवा असं सांगितलं होतं. त्याला शेवट लवकर आल्यासारखा वाटत होता, एवढंच त्यातून घ्यायचं होतं.

आपल्या भागात एक सोय फुकट आहे, ती वापरा. एखाद्या कन्नड मित्राला सबटायटल करायला बसवा. आमच्याने सहा वाक्यांना सरळ हात जोडले, "हे चित्रात दिसतंय की, परत कशाला लिहू?" ती सहाही वाक्यं आम्ही काढून टाकली.

हे सगळं फिल्म यूट्यूबवर टाकायच्या आधी करा. मत मागताना अनलिस्टेड लिंक द्या, म्हणजे लिंक असेल त्यालाच फिल्म दिसते. काही महोत्सव आधीच सगळ्यांसाठी खुली केलेली फिल्म घेत नाहीत, नियम वाचून घ्या. सिनेमातलं गाणं लावू नका, हक्काचा दावा येतो. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला दहा मिनिटं वाजवायला सांगा. भीमगडच्या जंगलात किंवा रेल्वे स्टेशनवर शूट करायचं मनात असेल तर परवानगी आधी. आणि जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात शूटिंग ठरवू नका, तिथला पाऊस तुम्हाला मी काय सांगणार.

काकांना आम्ही पूर्ण झालेली फिल्म सगळ्यात शेवटी दाखवली. मिशी परत आली होती. संपल्यावर एवढंच म्हणाले, "माग एवढ्या हळू चालतो होय रे?" संवाद ऐकू यावेत म्हणून आम्ही त्याचा आवाज दाबला होता. त्याच रात्री पहिल्या मिनिटाचा आवाज वाढवला. आता बघणारे सुरुवातीला कानावर हात नेतात. तेवढी नोंद कागदावर येते, पण ती जागा आम्ही बदलत नाही.