सोयाबीन उगवलं नाही, आता तपासणीसाठी बियाणं कुठून आणू?

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातला शेतकरी. गेल्या जूनमध्ये पाच एकरांत सोयाबीन पेरलं. कृषी सेवा केंद्रातून पाच पिशव्या आणल्या होत्या. तीन पिशव्यांचं पक्कं बिल आहे, दोन उधारीवर घेतल्या, त्यांची नुसती चिठ्ठी आहे. चांगला पाऊस झाल्यावरच पेरलं, तरी चार आणेसुद्धा उगवण झाली नाही. शेजाऱ्यानं त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरनं दुसऱ्या कंपनीचं बियाणं पेरलं, त्याचं रान हिरवंगार झालं. तालुक्याच्या समितीनं येऊन पंचनामा केला. दुबार पेरणी केली, पण उतारा एकरी आठ क्विंटलवरून चारवर आला. कंपनीचे वकील लिहितात की बियाणं प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दावा टिकणार नाही. आमच्याकडे दाणाही शिल्लक नाही. दुकानदार म्हणतो, 'तक्रार नाही' असं स्टॅम्पवर लिहून दे, पाच नव्या पिशव्या देतो. सातबारा वडिलांच्या नावावर आहे. एवढ्या मोठ्या कंपनीपुढं आमचं काय चालणार?

उत्तर : दादा, आधी एक करा. त्या स्टॅम्पवर सही करू नका. बियाण्याच्या प्रत्येक दाव्यात असा एखादा कागद पुढं येतोच, आणि तो ग्राहक आयोगासमोर आला की बाकी सगळं खरं असूनही आपला पाय अडकतो. पाच पिशव्यांची किंमत आणि तुमचं नुकसान यांचा मेळच नाही. पिशव्या घ्यायच्याच असतील तर पोचपावतीवर 'नुकसान भरपाईचा माझा हक्क राखून' एवढं स्वतःच्या हातानं लिहा आणि तिचा फोटो काढून ठेवा.

आता वकिलांच्या पत्राचं. हे पत्र मी माझ्या वकिलीत फार वेळा वाचलंय. शेतकरी ते वाचून खचतो आणि घरी बसतो, म्हणूनच ते पाठवलं जातं. वस्तूतला दोष नुसता बघून कळत नसेल तर ती तपासायला पाठवावी, असं ग्राहक कायद्यात आहे हे खरं. पण शेतकरी पिशवी विकत घेतो ती पेरायला. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात आंध्रातल्या शेतकऱ्यांविरुद्ध नेमका हाच मुद्दा घेतला गेला होता. 16 जानेवारी 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. शेतकऱ्यानं पुढं खटला होईल म्हणून बियाणं राखून ठेवावं, अशी अपेक्षाच करता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. शेतकरी ग्राहक आहे, आणि बियाणे कायदा असला तरी ग्राहक आयोगाचं दार त्याला उघडं आहे, हेही त्याच निकालात आहे. हा निकाल तक्रारीला जोडाच.

त्याहून महत्त्वाचं, नमुना तुमच्याकडे नसला तरी त्यांच्याकडे असायला हवा. बियाणे नियम 1968 मधला 13(3) हा नियम वाचा. विकलेल्या प्रत्येक लॉटची, म्हणजे एकाच नंबरखाली भरलेल्या बियाण्याच्या खेपेची, पूर्ण नोंद तीन वर्षं ठेवायची असते, आणि त्या लॉटचा नमुना सगळा लॉट विकून संपल्यापासून वर्षभर टाकून देता येत नाही. तुमच्या पेरणीला अजून वर्ष झालेलं नाही. म्हणून याच आठवड्यात कंपनीला आणि दुकानदाराला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा : अमुक लॉट नंबरचा नमुना आणि विक्रीची नोंद जपून ठेवा, आयोगासमोर आम्ही ती मागणार आहोत. उद्या त्यांनी नमुना आणला तर आयोग तो तपासायला पाठवील. आणला नाही, तर का आणला नाही याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. लॉट नंबर पिशवीच्या टॅगवर असतो, बिलावरही असायला हवा. रिकाम्या पिशव्या आणि टॅग असतील तर जिवापाड जपा. घरात पिशवीची चवाळी झाली असेल तरी चालेल, छपाई वाचता आली म्हणजे झालं.

आता खरी मेख. तुमचा दावा जिंकायचा की हरायचा ते पंचनाम्यात लिहिलेलं आहे, आणि तो तुम्ही मला पाठवलेला नाही. उपविभागीय कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून समितीच्या अहवालाची साक्षांकित प्रत मागा, दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यात तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. पेरणीची खोली मोजून लिहिली आहे का? सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरवर पडलं असेल तर 'खोल पेरलं' हा दुकानदाराचा बचाव तिथंच संपतो. जमिनीत ओल होती का? आणि न उगवण्याचं कारण काय दिलंय? हरियाणा सीड्स विरुद्ध साधू या 2005 च्या खटल्यात शेतकरी हरला. बियाणं हलक्या प्रतीचं होतं असं अहवालात स्पष्ट नसेल, तर पिकातला फरक बियाण्यामुळंच पडला असं धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. कंपनीचे वकील हा निकाल हमखास काढतात. तुमच्या अहवालात 'उगवण कमी आढळली' एवढंच असेल तर दावा अवघड आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

तशा वेळी तुमचा शेजारी कामाला येतो. तीच जमीन, तोच पाऊस, तोच ट्रॅक्टर, तोच दिवस, आणि बियाणं तेवढं वेगळं. त्यांचं आणि ट्रॅक्टरवाल्याचं प्रतिज्ञापत्र करा. त्यात विशेषणं नकोत. गट नंबर, पेरणीची तारीख, कुठलं बियाणं, किती दिवसांनी उगवलं, एवढंच. फोनमध्ये दोन्ही रानांचे फोटो असतील तर ते फोन न बदलता तसेच ठेवा. तुमच्याच लॉटचं बियाणं घेतलेला दुसरा शेतकरी सापडला तर फारच उत्तम. दुकानाच्या विक्री नोंदवहीत अशी नावं असतात, आयोगामार्फत ती मागवता येते.

कंपनी बहुधा 'आमचा लॉट प्रयोगशाळेत पास झाला होता' असा दाखला आणेल. सोयाबीनची किमान उगवण 70 टक्के धरलेली आहे. पण दाखला कोणत्या महिन्यातला, ते विचारा. सोयाबीनची साल पातळ असते, पोत्यांची आदळआपट झाली किंवा गोदाम तापलं तरी अंकुर मरतो. मार्चमधला दाखला जूनमधल्या पिशवीबद्दल काही सांगत नाही. म्हणूनच कंपनी आणि दुकानदार दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध करा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

सातबाऱ्याची काळजी करू नका. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहक आहे. वडील आणि तुम्ही दोघं मिळून तक्रार दाखल करा. उधारीच्या दोन पिशव्यांची चिठ्ठी लावा. उधारी नंतर फेडली असेल तर फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद किंवा बँकेचा उतारा जोडा. कबूल केलेली उधारीही कायद्यात मोबदलाच धरतात, तेव्हा त्या पिशव्या सोडून देऊ नका.

मागणी किती करायची? तुमच्याच आकड्यांनी एकरी चार क्विंटल, म्हणजे पाच एकरांचं वीस क्विंटल कमी आलं. त्याला बाजार समितीतल्या तुमच्या पट्टीवरचा भाव लावा, त्यात पहिल्या बियाण्याचे, खताचे, पेरणीचे पैसे आणि मनस्तापाची माफक रक्कम मिळवा. मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या लावल्या की 'आठ क्विंटल' हा आकडा तुमच्या तोंडचा राहत नाही. दहा लाख मागा म्हणणारे भेटतील. पुरावा वीस क्विंटलचा असताना दहा लाख मागितले की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

तक्रार लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. कंपनीचं कार्यालय कुठल्याही राज्यात असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता तिथं दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. नोटीस मिळाल्यापासून कंपनीला उत्तर द्यायला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा. त्यापुढं आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये पक्कं केलंय. निकाल मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन-पाच महिन्यांत लागेल असं धरून कर्ज काढू नका. वर्षं जातात, अपिलं होतात. तरी एक आधार आहे : कंपनीला राज्य आयोगात जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते.

वकील लावणं सक्तीचं नाही. पण उलटतपासणीचा प्रसंग आला तर एकटे उभे राहू नका. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. आणि खटला चालू असताना कंपनीचा माणूस तडजोडीला घरी आला तर त्याला चहा द्या, पण आकडा आयोगासमोर लेखी मांडायला सांगा. अहवालाची प्रत हातात पडली की तिचे फोटो मला पाठवा. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहून तक्रारीचा मसुदा कसा करायचा ते कळवते.