जमीन आपली, पण खालचं पाणी?

चि. सई हिला अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत मामाकडे राहून आलीस तेव्हापासून एकच प्रश्न लावून धरला आहेस. शेत मामाचं, पैशांची सोय होण्यासारखी, शेजारच्या मळ्यात बोअरची गाडी येऊनही गेली. मग मामाच का बोअर घेत नाही? रात्री दोनला उठून इतरांच्या वेळा सांभाळत पाणी का भरत बसतो? आणि शेवटी तुझं ठरलेलं वाक्य: "आपल्या जमिनीखालचं पाणी आपलंच ना?" तोंडी सांगू गेलं की अर्ध्यातच तुझी शाळेची वेळ होते, म्हणून हे पत्र. देवनागरीचा सरावही होईल.

रात्रीचं आधी सांगते. मामाची माळावरची जमीन ज्या विहिरीवर आहे ती सामाईक आहे. आजोबांच्या वडिलांनी आणि त्यांच्या भाऊबंदांनी मिळून खोदलेली. त्यात मामाचा चार आणे हिस्सा. रुपया-आणे कधीच गेले, पण आपल्याकडे विहिरीतला वाटा अजून आण्यांतच बोलतात. चार आणे म्हणजे चौथाई पाणी, आणि चौथाई पाणी म्हणजे ठरलेल्या दिवसांची पाळी. त्यात शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. पाळी आणि वीज दोन्ही रात्री जुळली की उठायचं, थंडी असो की विंचू.

तू बॅटरी धरून उभी होतीस, तेव्हा पाहिलंस ते आठव. मामा फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडतो, पाणी आत शिरतं, कांद्याची रोपं हलतात. वाफा भरत आला की तेच ढेकूळ पुन्हा ओढून तोंड बंद आणि पुढचा वाफा. त्या रात्री कडेचे दोन वाफे कोरडे राहिले आणि मामाची वेळ संपली. तुला वाटलं, आता दहा मिनिटांनी काय बिघडतं? पुढचा पाळीवाला तर अजून आलाही नव्हता. मामानं पाणी त्याच्या पाटात वळवलं आणि त्याला फोन करून उठवलं. तुला ते वेडेपणाचं वाटलं. मला विचारशील तर त्या विहिरीवर इतकी वर्षं डोकी फुटली नाहीत ती अशा दहा मिनिटांमुळे. आणि आपल्या भाऊबंदकीत डोकी फुटायला फारसं निमित्त लागत नाही. हात-दोन हात बांध कोरला म्हणून तीन पिढ्या कोर्टात खेटे घालणारी घरं आपल्याच तालुक्यात आहेत. तेव्हा मराठी माणूस उपजतच समंजस, असलं काही मी तुला सांगणार नाही.

पण या सवयीचं मूळ विहिरीहून जुनं आहे. मामाची नदीकाठची जमीन फडात येते. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर तीनेकशे वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. नदीत आडवा बंधारा, त्याच्या टोकाला पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली. असा एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात बऱ्याच जणांची शेतं. वीज नको, मोटर नको, पाणी उतारानं येतं. मात्र त्या फडात यंदा काय पेरायचं हे कुणी एकटा ठरवत नाही. सगळे बसून ठरवतात: या फडात ऊस, त्यात गहू, पलीकडच्यात बाजरी.

तुला हे जबरदस्तीचं वाटेल. कारण साधं आहे. एका फडात एकच पीक असलं की सगळ्यांना पाणी एकाच वेळी आणि सारखंच लागतं, पाळी बांधता येते. गव्हाच्या मधोमध कुणी ऊस लावला तर त्याला अवेळी पाणी हवं, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातलं. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडाच ठेवतात. बऱ्याच जणांची जमीन एकाहून जास्त फडांत विखुरलेली असते, त्यामुळे तोटाही वाटला जातो. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी शेतकऱ्यांनीच द्यायची, पूर्वी ती धान्यात असे. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायचा तोही सगळ्यांनी. पाणी चोरलं तर दंड.

आता बरेच फड मोडले. वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघर विहिरी आल्या, मोटरी आल्या. ज्याच्याकडे स्वतःची मोटर आहे त्याला पाटकरी कशाला हवा? बोअरची ओढ आहे ती हीच. बोअर म्हणजे कुणाची पाळी नाही, कुणाला विचारणं नाही, बटण दाबलं की पाणी.

आता तुझा खरा प्रश्न. कायद्याचं म्हणशील तर जुना कायदा तुझ्याच बाजूचा आहे. १८८२ च्या ईझमेंट, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या हक्कांच्या, कायद्याप्रमाणे आपल्या हद्दीत जमिनीखाली मुरलेलं पाणी काढायचा हक्क जमीनमालकाला आहे. इंग्लंडातून आलेली ही कल्पना. ज्यांनी ती आणली त्यांच्या डोळ्यांसमोर बादली आणि रहाट होते, सहाशे फूट भोक पाडणारी गाडी नव्हती. महाराष्ट्रानं पुढे दोनदा त्याला वेसण घातली. १९९३ च्या कायद्यानं गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला मनाई केली. २००९ च्या भूजल कायद्यानं शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला बंदी घातली. कागदावर. गाडी रात्रीतून येते आणि उजाडायच्या आत निघून जाते, हे तू पाहिलंच आहेस.

कायदा सोड, दगड काय म्हणतो बघ. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, लाव्ह्याच्या थरांवर थर. या दगडात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांमध्ये. पाऊस पडला की मुरूम भरतो, विहिरीला पाझर येतो, मार्चपर्यंत पाणी उतरतं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चढतं. विहीर या वरच्या पाण्यावर जगते. बोअर खालच्या भेगांत शिरते. तिथलं पाणी थोडं, आणि ते भरायला फार वर्षं लागतात. शिवाय भेगा सातबारा बघून पडलेल्या नसतात. तुझ्या बोअरनं ओढलेली भेग शेजाऱ्याच्या विहिरीखालून गेलेली असू शकते. एका रांजणात चौघांचे पेले बुडतात, तिथे एकानं नळी लावली तर बाकीच्यांनी काय करायचं?

मी मामाला विचारलं होतं, तू का नाही घेत? तो म्हणाला, "घेतली आणि लागली, तर खालच्या बाजूच्या मावशींची विहीर जाईल. त्या मला रोज दिसतात." त्याच मावशी, ज्यांनी तुला ओंजळ भरभरून बोरं दिली. दोन एकरांत त्यांचं सगळं चालतं. मामानं यापुढे काही स्पष्टीकरण दिलं नाही, मीही मागितलं नाही.

शेजाऱ्यांना मात्र वाईट ठरवू नकोस. कर्ज काढून डाळिंब लावलेलं, झाडं डोळ्यांदेखत वाळायला लागली की माणूस बोअरच काय, वाटेल ते करतो. पण बोअर दोन-तीन वर्षांत कोरडी पडते, मग दुसरी, आणखी खोल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पैसे जातात ते त्यांचे. पाणी मात्र सगळ्यांचं जातं.

फडाची तारीफ केली खरी, पण त्यातलं एक वैगुण्य झाकायचं नाही. फडात पाणी मिळायचं ते जमीन असलेल्याला. ज्यांना जमीनच नव्हती, गावकुसाबाहेर ठेवलेले, दुसऱ्याच्या रानात राबणारे, त्यांचा त्या पाटात थेंबभरही वाटा नव्हता. आपल्याच घरची सोय म्हणून ती न्याय्य होती असं मी म्हणणार नाही. हे कोडं ज्या माणसानं हातात घेतलं त्याचं नाव विलासराव साळुंखे. पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातले हाल पाहून ते नायगावला गेले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मला फार धीट वाटतात. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही, तर माणशी अर्धा एकर भिजेल इतकं. घरात कितीही माणसं असोत, अडीच एकरांच्या वर नाही. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. तुझ्या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला माहीत नाही. ते देशभर पसरलं नाही, कारण ज्यांच्याकडे जास्त जमीन होती त्यांना ते परवडणारं नव्हतं. अहिल्यानगरकडच्या हिवरे बाजारमध्ये निराळी वाट धरली. तिथे दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावरून पिकं ठरवतात, आणि शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं गावानंच ठरवलं आहे.

तू म्हणशील, हे सगळं तिकडचं, इथे नेदरलँड्समध्ये, आपल्या डेल्फ्टमध्ये, नळ सोडला की पाणी. मग शाळेत जाताना आउदे डेल्फ्ट या कालव्याकाठच्या रस्त्यावर ती रंगीत ढालींनी भरलेली जुनी इमारत लागते ना, तिथे एकदा थांबून बघ. ते डेल्फलांडच्या, म्हणजे डेल्फ्टच्या आसपासच्या भागाच्या, पाणी आणि बांध सांभाळणाऱ्या पाणीमंडळाचं घर, आणि ते मंडळ १२८९ सालापासूनचं आहे. तिकडे पाणी पुरत नाही, इथे पाणी बुडवतं, एवढाच फरक. इथेही एकानं आपला चर तुंबू दिला तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात चढतं. म्हणून चराच्या काठावर ज्याची जमीन, त्यानं तो साफ ठेवायचा, आणि मंडळाची माणसं शरद ऋतूत येऊन पाहणी करतात. जुन्या काळी बांधाचा आपल्या वाट्याचा तुकडा ज्याला राखता येत नसे, तो आपलं फावडं बांधात रोवून निघून जाई. जमिनीवरचा हक्क तिथेच संपला. जो ते फावडं उपटेल, जमीन त्याची आणि बांधही त्याचा. कठोर होतं, पण बांध फुटला तर अख्खं गाव पाण्याखाली जायचं. मंडळाच्या कराचं बिल आलं की बाबा कुरकुरतात ते तू ऐकतेसच. भरतात मात्र वेळेवर.

तेव्हा आपल्या जमिनीखालचं पाणी आपलं का? माझ्या मते, वाट्याला आलेलं तेवढंच. बाबांचं मत थोडं वेगळं आहे. ते म्हणतात, सरकारनं आधी ऊस कारखान्यांचं आणि शहरांचं पाणी मोजावं, मग चार एकरवाल्याला शहाणपण शिकवावं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्यांच्याशीही भांड. पण मामा कुणाला शिकवत नाहीये. तो फक्त स्वतःपुरता थांबला आहे.

काल फोनवर तुझा पुढचा प्रश्नही मी त्याला विचारून घेतला: आजूबाजूच्या सगळ्यांनी बोअर घेतली तर? तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू." तूर्त त्यानं विहिरीच्या चारही वाटेकऱ्यांना आणि डाळिंबवाल्या शेजाऱ्यांनाही वरच्या नाल्यावर वनराई बंधारा घालायला तयार केलं आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि पाऊस ओसरला की नाल्यात आडव्या रचायच्या. पाणी अडलं की खालच्या सगळ्या विहिरींना पाझर, मावशींच्याही. काम ऑक्टोबरात आहे, आणि तुझी शरद सुट्टीही तेव्हाच. गोण्या भरायला माणसं कमी पडतात असं तो म्हणत होता. यायचं असेल तर या आठवड्यात सांग, तिकिटं महाग व्हायच्या आत काढावी लागतील.

तुझी,
आई